तांब्याचं कडं

घड्याळजींच्या घरात बोलायला कोणी नव्हतं, आणि खरं सांगायचं तर घरात बोलणाऱ्यांतले ते कधीच नव्हते. बायको होती तोवर ती बोलायची आणि हे डोळ्याला भिंग लावून नुसतं 'हं' म्हणायचे. त्यांचं जे काही बोलणं असे ते सकाळी सात वाजता, हवेत. म्हणजे हौशी रेडिओवर. परवाना काढायचा, घरात संच मांडायचा, बाहेर अँटेना उभारायची आणि आपल्यासारख्याच येड्यांशी गप्पा मारायच्या, असा हा छंद. दुकानात घड्याळं दुरुस्त करून पोट भरलं, पण जीव रमला तो या संचापाशी.

सकाळच्या त्या गप्पांना 'हजेरी' म्हणत. सुरुवातीला सातजण होते. घड्याळजी, कंपाउंडर, बेकरीवाला, इंजिन ड्रायव्हर, फौजी, वकील आणि एक अत्यंत धिप्पाड गृहस्थ, ज्यांना त्यांच्या आवाजावरून सगळे 'बारीक' म्हणायचे. हजेरी घ्यायचा कंपाउंडर. हा डोंगरावरच्या गावात राहायचा आणि दवाखान्यात औषधं बांधून देण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. एकोणीस वर्षांत त्या सातांतले पाच गेले. पण कंपाउंडरने एकाचंही नाव खोडलं नाही. त्याने दोन याद्या केल्या. आधी जिवंतांची वाचायची, मग गेलेल्यांची. आणि गेलेल्या प्रत्येकाच्या नावानंतर दहा आकडे मोजेपर्यंत गप्प राहायचं, जागा सोडायची. मेलेला माणूस उत्तर देत नसतो हे त्याला कळत नव्हतं असं नाही. "एखाद्याचा आवाज पोचायला वेळ लागतो," एवढंच तो म्हणायचा आणि पुढचं नाव घ्यायचा.

घड्याळजी आणि कंपाउंडर प्रत्यक्षात दोनदाच भेटले होते. दोन्ही वेळा फजिती झाली. समोरासमोर बसल्यावर एक शब्द सुचेना. 'ओव्हर' म्हणून दुसऱ्यावर ढकलायची सोय नव्हती. तिसऱ्यांदा भेटायच्या भानगडीत मग कोणीच पडलं नाही.

बायको गेल्यावर घर खायला उठलं आणि गुडघ्यांनीही असहकार पुकारला, तेव्हा मुलीने लिफ्ट असलेल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर एक फ्लॅट बघून दिला. ती स्वतः लांब राहायची. दर रविवारी फोन करायची. जुन्या घराच्या अंगणात दोन खांब होते आणि त्यांच्यामध्ये ताणलेली लांब तार होती. इथे सेक्रेटरीने पहिल्याच दिवशी सांगून टाकलं, गच्चीवर तारबीर काही चालणार नाही, एकाला परवानगी दिली की सगळे मागतात. आणखी कोण अँटेनेची परवानगी मागणार होतं, हे घड्याळजींनी विचारलं नाही.

घर सोडण्याआधीच्या शेवटच्या हजेरीला कंपाउंडरने चिडवलं होतं.

"फ्लॅटात कुठे लावणार तू तार? दोरी बांध आणि कपडे वाळत घाल."

"महिन्याभरात हवेत येतो."

"आणि नाही आलास तर?"

"येतो म्हटलं ना. तोवर फोन करायचा नाही. जो आधी फोन करेल तो हरला."

"हरला म्हणजे काय द्यायचं?"

"काही नाही. हरला म्हणजे हरला."

सत्तरी ओलांडलेल्या दोन माणसांची ही पैज. आणि त्या महिन्याचे बघता बघता आठ महिने झाले.

आठ महिने लागले, कारण घड्याळजींना वरवरचं काम जमतच नसे. लांब तारेला जागा नाही म्हटल्यावर त्यांनी छोटं लूप करायचं ठरवलं. लूप म्हणजे तांब्याच्या नळीचं एक मोठं कडं, पूर्ण न जुळलेलं. त्याच्या दोन टोकांमध्ये एक कपॅसिटर, आणि कड्याच्या पोटात तळाशी आणखी एक छोटं कडं, संचाकडून आलेल्या वायरीला जोडलेलं. कपॅसिटर जरासा फिरवला की तेच कडं एका बँडवरून, म्हणजे लहरींच्या एका पट्ट्यावरून, दुसऱ्या बँडवर जातं. वीस मीटरपासून दहा मीटरपर्यंत पाच बँड एका कड्यात बसतात, आणि सगळं मिळून आकार परातीपेक्षा थोडा मोठा. बाल्कनीत सहज मावेल.

नळी त्यांना फ्रिज दुरुस्त करणाऱ्याकडे मिळाली. ती गोल वाकवायची कशावर, हा प्रश्न होता. मुलीने जेवायला एक गोल टेबल आणि दोन खुर्च्या घेऊन दिल्या होत्या. घड्याळजी ओट्यापाशी उभ्या उभ्या जेवत. टेबल नव्यासारखं कोरं होतं. त्याच्या कडेला टेकवून, हळूहळू दाबत, त्यांनी नळीचं कडं केलं. ते इतकं गोल झालं की टेबलाचा पैसा वसूल झाला असं त्यांना वाटलं.

कपॅसिटर म्हणजे पितळी पत्र्याच्या दोन जुड्या, एकमेकींत शिरणाऱ्या पण एकमेकींना न शिवणाऱ्या. त्या त्यांनी बारीक करवतीने कापल्या, कानशीने घासल्या, भिंगाखाली तपासल्या आणि नाकारल्या. पुन्हा कापल्या. या कड्याचा सूर लावणं फार नाजूक काम. केसभर इकडेतिकडे झालं की आवाज गेला. म्हणून कपॅसिटर फिरवायची खुंटी संथ फिरावी यासाठी त्यांनी एका भिंतीवरच्या घड्याळाची चाकं काढून बसवली. ते घड्याळ दुकानात दुरुस्तीला आलं होतं आणि मालक परत न्यायला कधी आलाच नाही. चिठ्ठी अजून लटकत होती. ती चिठ्ठी मात्र त्यांनी फेकली नाही, खणात ठेवली.

शेवटी कडं प्लॅस्टिकच्या उभ्या पाईपवर बसलं आणि पाईप बाल्कनीच्या कठड्याला दोन पट्ट्यांनी आवळला गेला. बाल्कनी डोंगराच्या बाजूला होती. लांबवर तो निळसर दिसायचा आणि त्याच्या खांद्यावर कुठेतरी कंपाउंडरचं गाव होतं. घड्याळजींनी नकाशा काढला, होकायंत्र लावलं, ओळंबा सोडला आणि कड्याचं तोंड, म्हणजे आरपार दिसणारी गोल बाजू, बरोबर त्या गावाकडे करून पट्ट्या गच्च आवळल्या.

पहिल्याच संध्याकाळी कमाल झाली. कुठल्याशा बर्फाळ बेटावरचा एक माणूस कानात येऊन बसल्यासारखा ऐकू आला. घड्याळजींनी हाक दिली. त्याने उत्तर दिलं, आवाज छान येतोय म्हणाला, अँटेना कोणती विचारलं. बाल्कनीतलं तांब्याचं कडं, घरी केलेलं, हे ऐकून त्याने तिकडून मनापासून दाद दिली. घड्याळजींची छाती दोन बोटं फुगली.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता, हजेरीच्या दहा मीटरच्या बँडवर, ठरलेल्या जागी त्यांनी संच लावला. नुसती खरखर. त्यांनी हाक दिली, थांबले, पुन्हा दिली. खरखर.

तिसऱ्या दिवशी तेच. चौथ्या दिवशी तेच. त्यांनी डाग देऊन जोडलेले सगळे सांधे तपासले, वायर बदलली, संच उघडून बंद केला. दुपारी हजारो मैलांवरची माणसं बोलत होती, उत्तर देत होती, हवापाणी सांगत होती. म्हणजे कडं ठणठणीत होतं. संच ठणठणीत होता. मग बिघडलं काय, याचा ते विचार करत राहिले. आता एकच कारण उरत होतं. कंपाउंडर सकाळी सातला हवेत नाही असं एकोणीस वर्षांत झालं नव्हतं. बायकोला अग्नी देऊन आला त्याच्या दुसऱ्या दिवशीही त्याने हजेरी घेतली होती.

फोन नंबर वहीत होता. वही खणात होती. खण उघडून ते बघायचे आणि पुन्हा लावायचे. फोन केला तर हरू, असं त्यांनी स्वतःला सांगितलं, आणि ते चक्क खोटं होतं. हरायची त्यांना भीती नव्हती. पलीकडून दुसऱ्याच कोणाच्या आवाजात 'कोण बोलतंय?' असं आलं तर काय करायचं, ही भीती होती. विचारलं नाही तोवर माणूस आहे. विचारलं की संपलं.

रविवारी मुलीचा फोन आला.

"बाबा, खाली जाऊन बसता का? लोकांशी बोलता का?"

"बोलतो की. काल एक बेटावरचा भेटला."

"बेटावरचा नको. शेजारी कोण आहे?"

"शेजारी कोण आहे?"

"तुमच्या शेजारी, बाबा. मी कशी सांगू?"

शेजारी कोण आहे हे घड्याळजींना तसं ठाऊक होतं, पण कानाने. रोज सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी लिफ्टचं दार वाजायचं, रबरी तळव्यांची पावलं यायची, किल्ल्यांचा जुडगा खुळखुळायचा. किल्ली एकदा अडकायची, दुसऱ्यांदा अडकायची, तिसऱ्यांदा दार उघडायचं. कुलपातला एक खटका झिजला होता. आवाजावरून कोणालाही कळलं असतं, निदान घड्याळजींना तरी. एकदा दाराच्या फटीतून पांढरा कोट दिसला होता, त्यावरून रात्रपाळीची नर्स असावी एवढा त्यांनी अंदाज केला होता. कुलपाचं सांगावं असं बऱ्याचदा मनात आलं. पण सांगायचं म्हणजे दार उघडून बोलायला लागणार, म्हणून ते राहून गेलं होतं.

बाविसाव्या दिवशी त्यांनी सवयीने सातला संच लावला आणि हाकही दिली नाही. वारा सुटला होता. दुधाची पिशवी आत घेऊन दार नुसतं लोटलं आणि बाल्कनीतला टॉवेल उडू नये म्हणून ते बाहेर गेले. तेवढ्यात वाऱ्याचा एक झोत आला, प्लॅस्टिकचा पाईप पिळवटल्यासारखा कुरकुरला, कडं डोंगराकडचं तोंड सोडून आडवं वळलं, आणि आतल्या संचातून कोणीतरी खाकरलं.

दोनदा. आधी लांब, मग आखूड.

तो खाकरा घड्याळजींनी एकोणीस वर्षं ऐकला होता. जगात तसं दुसरं कोणी खाकरत नसेल. वारा पडला, पाईप सरळ झाला आणि पुन्हा खरखर सुरू झाली. घड्याळजींनी टॉवेल सोडून दिला, दोन्ही हातांनी पाईप धरला आणि पिळून कडं आडवं केलं.

"बेकरीवाला," संच म्हणाला. आणि गप्प झाला.

घड्याळजी पाईप धरून तसेच उभे राहिले, आणि त्या दहा आकड्यांत त्यांना आपली चूक कळली. तोंडात मारून घ्यावंसं वाटलं. आयुष्यभर त्यांनी लांब तार वापरली होती. ताणलेली तार जिकडे तोंड करून असते, म्हणजे तिच्या लांबीच्या आडव्या दिशेला, तिकडे चांगली बोलते. छोट्या कड्याचं नेमकं उलटं. ते आपल्या कडेच्या दिशेने ऐकतं. तोंडासमोरच्याला ठार बहिरं. लांबचे आवाज आकाशावर आपटून वरून उतरतात, म्हणून ते सापडत होते. डोंगरावरचा कंपाउंडर सरळ समोरून यायचा. हे सगळं वहीत त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं होतं. पण पट्ट्या आवळताना डोक्याने नाही, हातांनी निर्णय घेतला: माणूस जिकडे, तोंड तिकडे. त्यातून हे घड्याळजी. अर्ध्या अंशाचीही चूक नाही. एखादा गबाळा माणूस असता तर कडं जरा वाकडं बसलं असतं आणि कुजबुज तरी ऐकू आली असती. बावीस दिवस ते आपल्या मित्राकडे अगदी बिनचूक तोंड करून बसले होते, आणि म्हणूनच त्यांना तो ऐकू आला नाही, आणि त्यांची एकही हाक त्याला पोचली नाही.

"ड्रायव्हर," संच म्हणाला.

म्हणजे ही दुसरी यादी चालू होती. गेलेल्यांची. पहिली होऊन गेली होती. घड्याळजींच्या मनात आलं, आठ महिने ज्याचा पत्ता नाही त्याचं नाव कंपाउंडर कोणत्या यादीत वाचत असेल? उत्तर द्यायला हवं होतं, आत्ता, यादी संपायच्या आत. पण माइक आत टेबलावर होता आणि त्याची वायर दोन हात लांबीची. बाल्कनी सहा हातांवर. पाईप सोडून आत जावं तर कडं परत बहिरं. धरून ठेवावं तर बोलायचं कशात? आयुष्यात बहुधा पहिल्यांदाच घड्याळजींना दुसऱ्या माणसाची गरज पडली होती, आणि घरात टेबलाला दोन खुर्च्या होत्या, माणूस एकच.

बाहेर लिफ्टचं दार वाजलं. पावलं आली. किल्ली एकदा अडकली.

"अहो ताई," घड्याळजी ओरडले. इतक्या मोठ्याने ते कित्येक वर्षांत बोलले नव्हते; आवाज मध्येच फाटला. "ताई, इकडे या. दार उघडंच आहे."

ती धावत आली. पन्नाशीची बाई, रात्रभर उभी असलेली, केस अर्धे सुटलेले. आल्या आल्या तिने त्यांचं मनगट धरलं.

"काका, छातीत दुखतंय का? घाम येतोय का?"

"नाही, नाही. हा पाईप धरा."

"काय?"

"पाईप. असाच पिळून धरायचा. तांब्याला हात लावायचा नाही आणि हलायचं नाही."

"किती वेळ?"

"फौजी," संच म्हणाला.

"अजून दोन नावं," घड्याळजी म्हणाले.

तिने फार विचारलं नाही. रात्रपाळीत माणसं काय काय धरायला सांगतात याची तिला सवय असावी. सलाईनची बाटली धरावी तसा तिने तो पाईप हात उंच करून धरला. घड्याळजी आत गेले, खुर्ची सरकवून बसले आणि माइक हातात घेतला.

"वकील." दहा आकडे. "बारीक." दहा आकडे. त्या दहा आकड्यांत मध्ये बोलायचं नसतं, हा नियम होता. नियम मोडायचं त्यांच्या मनातही आलं नाही. पण ते मोजत होते, आणि आता पुढचं नाव आपलं येतंय का हे ऐकायला त्यांनी श्वास धरला होता.

कंपाउंडर खाकरला. कागदाचा आवाज झाला.

"आणि घड्याळजी," तो म्हणाला. "याला कुठल्या यादीत घालायचं ते मला अजून ठरवता येत नाही. म्हणून सगळ्यांत शेवटी वाचतो. बघू."

आणि त्याने जागा सोडली.

घड्याळजींनी बटण दाबलं. एवढ्या दिवसांच्या इतक्या हाका वाया गेल्या होत्या, की आता खरोखर ऐकणारा आहे म्हटल्यावर काय बोलायचं तेच आठवेना.

"काका, धरू ना अजून?" बाल्कनीतून आवाज आला.

"पहिल्या," घड्याळजी माइकमध्ये म्हणाले. "पहिल्या यादीत घाल."

बटण सोडलं. खरखर. सहा, सात, आठ. त्यांना वाटलं, पोचलं नाही.

"परत सांग," संच म्हणाला. आवाज कंपाउंडरचा होता आणि नव्हताही.

"घड्याळजी. हजर."

मग खाकरण्याचा आवाज, एकदा, दोनदा, तिसऱ्यांदासुद्धा.

"महिना म्हणाला होतास."

"कडं उलटं लावलं होतं. तोंड तुझ्याकडे केलं होतं."

"लूपचं तोंड? माझ्याकडे?" आणि कंपाउंडर हसायला लागला. हसता हसता दम लागला. "अरे गाढवा. मी परवाच नंबर शोधून ठेवला होता. चष्म्याच्या घरात ठेवलाय. आज हरणार होतो मी."

"मग थांबायला हवं होतं मी एक दिवस."

"थांबलासच की आठ महिने." मग त्याने नेहमीचा हजेरीचा आवाज काढला. "परत घेतो. नीट, पहिल्यापासून. पहिली यादी. कंपाउंडर, हजर. घड्याळजी."

"हजर."

"पहिली यादी संपली," कंपाउंडर म्हणाला.

मग त्याने दुसरी वाचली. पाच नावं, पाच वेळा दहा आकडे. घड्याळजी खाली मान घालून बसले होते आणि बाल्कनीत ती नर्सही, तिला काही माहीत नसताना, प्रत्येक नावानंतर श्वास रोखल्यासारखी स्तब्ध उभी होती.

संच बंद झाल्यावर तिने पाईप सोडला आणि दंड चोळला. घड्याळजींनी दुसरी खुर्ची पुढे केली. ती टेकली.

"कोण होते ते?"

"कंपाउंडर."

"आणि ती बाकीची नावं?"

"तेही आमच्यातलेच. आता नाहीत."

तिने मान हलवली. तिच्या कामात हे वाक्य रोजचंच असावं. उठताना किल्ल्यांचा जुडगा टेबलावरून खुळखुळत उचलला, तेव्हा घड्याळजींनी धीर केला.

"तुमच्या कुलपातला एक खटका झिजलाय. करून देईन मी."

"तुम्हाला कसं कळलं?"

"ऐकतो ना रोज. आठ महिने झाले."

"आठ महिने?" ती म्हणाली. "मग सांगायचं नाही का, काका?"

ती गेली. किल्ली एकदा अडकली, दोनदा अडकली, तिसऱ्यांदा दार उघडलं.

नंतर त्यांनी पान्हा घेऊन पट्ट्या सैल केल्या, कड्याची कड डोंगराकडे केली आणि पुन्हा आवळल्या. आवळता आवळता टॉवेलच्या दोरीकडे लक्ष गेलं. पाईप पिळून कठड्याला बांधून ठेवायला त्या दोरीचा एक वेढा पुरला असता. ती सकाळभर त्यांच्या हाताशीच होती. सकाळी हे सुचलं नाही याचं त्यांना फार बरं वाटलं.